पद्मिनी नावाची सवत

मैत्रिणींनो, सवत कुणालाच नको असते. पण माझ्या दारात एक उभी आहे आणि तीही मी सून म्हणून या घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून! नाव पद्मिनी, नोंदणी १९८४ ची, रंग पांढरा, आणि खर्च एखाद्या लाडावलेल्या लेकीसारखा. आमच्या मामंजींनी घेतलेली ही प्रीमियर पद्मिनी मोटार. मामंजी गेले आणि ती कडुलिंबाखाली पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात राहिली. भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला. दोन्ही वेळा मी 'द्या' म्हणाले आणि दोन्ही वेळा आमचे हे गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको.

तशी ही बाई आपल्याच मुलखातली हो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. इटलीच्या फियाट कंपनीची ११०० डिलाइट ही गाडी तिथे १९६४ पासून बनू लागली आणि १९७४ मध्ये तिचे नाव पद्मिनी झाले. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, असा तो काळ. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सीही रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा बातम्या पाहताना यांचे डोळे भरून आले होते. मी मनात म्हटले, माझ्या माहेरच्या निरोपालाही इतके पाणी नव्हते आले!

यांची हौस मात्र नुसती जपण्यावर थांबणारी नव्हती. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तिथे याच फियाट गाड्या इंजिनात फेरफार करून पळवत, हे यांनी कुठेतरी वाचलेले. झाले! आमच्याही गाडीचे मूळचे १०८९ सीसीचे इंजिन काढून दुसऱ्या गाडीचे दमदार इंजिन बसवायचे, टायर रुंद घालायचे, आवाज स्पोर्ट्स मोटारीसारखा करायचा, असे बेत सुरू झाले. आणि पैसे? शाळेच्या अर्धवेळ पगारातून आणि शिकवण्यांतून मी स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी साठवलेले होते, त्यावर यांची नजर.

मी साफ नाही म्हटले. दोन महिने घरात धुसफूस. मग एका रविवारी हे म्हणाले, "चल, वाटूर फाट्यापर्यंत चक्कर मारून येऊ." मुलगा माझ्या मांडीवर, पुढच्या सीटवर. पट्टे नव्हतेच. समोर उसाची ट्रॉली आली, यांनी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली गेले. गियर उतरवत, हँडब्रेक ओढत यांनी गाडी कशीबशी कडेच्या मातीत घातली. कुणाला खरचटलेही नाही. पण परत येईपर्यंत आम्ही दोघेही एक शब्द बोललो नाही.

कारण निघाले अगदी साधे. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. वर्षानुवर्षे ते बदललेच नव्हते. चाकाजवळचे रबरी वॉशर झिजून तेल गळून गेले होते. इंजिनाची स्वप्ने पाहणाऱ्याने दोन-पाचशे रुपयांचे तेल पाहिले नव्हते!

त्या रात्री मीच यांना म्हटले, "अहो, पैसे देते. पण क्रम माझा. आधी थांबणे, मग चालणे आणि मग दिसणे." यांनी मान्य केले. घरखर्चाच्या वहीसारखी पद्मिनीची वही घातली. काय बदलले, कधी, कितीला, पुढे केव्हा, सगळे त्यात. ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी. पहिल्या महिन्यात सीटचे पट्टे बसवले, रेडिओ नव्हे.

इंजिन बदलण्याचा बेत कायद्यानेच मोडला. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की नोंदणीपुस्तकात जे लिहिले आहे, त्याहून वेगळी गाडी मनाला येईल तशी करता येत नाही. इंजिन बदलायचे तर आर.टी.ओ.ची परवानगी हवी. रंग बदलला तरी नोंद करावी लागते. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूप न बदललेल्या गाडीलाच 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. आमची पद्मिनी २०३४ मध्ये पन्नाशी गाठेल. "तोवर तिचे मूळ हृदय काढू नका," मी म्हटले. हे हसले, पण ऐकले.

मग सुधारणा केल्याच नाहीत का? केल्या, पण गरजेच्या. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या त्याने फुगतात, चिरा पडतात आणि पेट्रोल गळले तर आगीची भीती. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घातल्या. दर काही हजार किलोमीटरला पॉइंट घासत बसण्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले. मूळ भाग तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत.

तुमच्याही दारात जुनी मोटार किंवा स्कूटर असेल, तर आपल्या कामाच्या चार गोष्टी सांगते. बॅटरीच्या टोकांवर पांढरे-हिरवे साठते ना, ते कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, पण आत थेंब जाऊ देऊ नका. पुसून वरून व्हॅसलीन लावा. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी कधीही घालू नका. आपल्या मराठवाड्याच्या जड पाण्याने पातेल्याला जसा थर धरतो, तसा तिथेही धरतो. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे शिट्टी न काढता कुकर उघडणेच. मे महिन्यात गाडी मध्येच बंद पडली, तर घाबरू नका. उन्हाने पेट्रोलची वाफ होऊन पंपात अडकते. पंपावर ओले फडके ठेवून पाव तास थांबा. ही युक्ती आमच्या सासूबाईंची, मामंजींबरोबर पैठणला जाताना शिकलेल्या!

आता स्टीअरिंगलगतचा तो गियर मलाही जमतो. रेल्वे स्टेशनवर पाहुण्यांना आणायला मीच जाते, तेव्हा माझ्या विद्यार्थिनी हात हलवतात. ओटा? तो अजून व्हायचा आहे. वहीच्या शेवटच्या पानावर यांच्या नावे रक्कम लिहून ठेवली आहे आणि खाली यांची सही घेतली आहे.

सवत घालवता येत नसेल, तर तिचा हिशेब आपल्या हाती ठेवावा, एवढेच मी शिकले.