आगमनस्थळी व्हिसा : स्वरूप, कार्यपद्धती आणि ग्रामीण प्रवाशांनी घ्यावयाची दक्षता
(विशेष संदर्भ : पातूर, जि. अकोला)

प्रस्तावना :
डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या काळी अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवण्यासाठी त्यांना व्हिसा लागला नाही. पहिल्या महायुद्धानंतर मात्र परिस्थिती पालटली. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत पारपत्राचा समान नमुना ठरविण्यात आला व व्हिसाची पद्धत जगभर रूढ होत गेली. आज पातूरसारख्या तालुक्याच्या गावातील व्यक्तीही पर्यटन, तीर्थाटन वा रोजगारासाठी परदेशाचा विचार करते. 'तिकीट काढा, व्हिसा तिथेच मिळतो' हे वाक्य तिच्या कानावर पडते. या वाक्याचा नेमका अर्थ स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

संकल्पना :
पारपत्र हे स्वतःच्या देशाने दिलेले ओळखपत्र, तर व्हिसा हा दुसऱ्या देशाने दिलेला प्रवेशपरवाना होय. या परवान्याचे तीन प्रकार लक्षात घ्यावे लागतात.
१) पूर्वव्हिसा : प्रवासापूर्वी संबंधित देशाच्या वकिलातीकडून मिळतो.
२) ई-व्हिसा : इंटरनेटवरून अर्ज करून प्रवासापूर्वीच मंजूर होतो.
३) आगमनस्थळी व्हिसा : परक्या देशाच्या विमानतळावर उतरल्यानंतर दिला जातो.
यांखेरीज काही देश ठरावीक मुदतीसाठी व्हिसामाफी देतात. भारतीयांना नेपाळमध्ये जाण्यास व्हिसा लागत नाही.

भारतानेही ही पद्धत स्वीकारली आहे. जानेवारी २०१० मध्ये जपान, सिंगापूर, न्यूझीलंड, फिनलंड व लक्झेंबर्ग या पाच देशांच्या पर्यटकांना मुंबईसह चार महानगरांच्या विमानतळांवर ही सवलत देण्यात आली. २७ नोव्हेंबर २०१४ पासून ४३ देशांसाठी ऑनलाइन पूर्वमंजुरीची योजना सुरू झाली. तिचे मूळ नाव 'आगमनस्थळी व्हिसा' असेच होते. परंतु प्रवासी घरूनच अर्ज न करता थेट विमानतळावर येऊ लागतील, असा गैरसमज टाळण्यासाठी २०१५ मध्ये ते बदलून ई-पर्यटक व्हिसा करण्यात आले. नावातील संदिग्धता किती घोटाळा करू शकते, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

कार्यपद्धती :
विमानातून उतरल्यावर प्रवाशाने प्रथम इमिग्रेशनच्या रांगेत न जाता आगमनस्थळी व्हिसाच्या खिडकीकडे जावयाचे असते. तेथे अर्ज भरून शुल्क भरावे लागते. सर्वसाधारणपणे किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेले पारपत्र, त्यातील कोरे पान, छायाचित्र, परतीचे तिकीट, निवासाचे आरक्षण व खर्चापुरती रक्कम यांची विचारणा होते. शिक्का अथवा चिकटपत्र मिळाल्यानंतर इमिग्रेशन, मग सामान व शेवटी सीमाशुल्क तपासणी असा क्रम असतो.

देशागणिक नियम भिन्न आहेत. मालदीव ३० दिवसांचा आगमनस्थळी व्हिसा विनाशुल्क देते. तथापि प्रवासापूर्वी ९६ तासांच्या आत ऑनलाइन माहितीपत्र भरावे लागते. इंडोनेशियात ३० दिवसांसाठी पाच लाख रुपिया (तेथील चलन) शुल्क आकारले जाते. थायलंडने भारतीयांना नोव्हेंबर २०२३ मध्ये ३० दिवसांची व जुलै २०२४ मध्ये ६० दिवसांची व्हिसामाफी दिली. तत्पूर्वी तेथे १५ दिवसांचा आगमनस्थळी व्हिसा शुल्क भरून घ्यावा लागे. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेली व्हिसामाफी २२ नोव्हेंबर २०२५ पासून स्थगित केली. यावरून मागील वर्षी जाऊन आलेल्या नातेवाइकाचा अनुभव हा यंदाचा नियम नव्हे, हे स्पष्ट होते.

मूळ प्रश्न :
व्हिसा ही प्रवेशाची हमी नसते. अंतिम निर्णय इमिग्रेशन अधिकाऱ्याचा असतो. प्रवेश नाकारला गेल्यास प्रवाशाला परत पाठविले जाते. म्हणूनच विमान कंपनी मुंबईतच कागदपत्रे तपासते व ती अपुरी असल्यास विमानात बसू देत नाही. पातूरहून अकोला, अकोल्याहून रात्रभराचा रेल्वेप्रवास करून मुंबई गाठणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही केवळ गैरसोय नसून वर्षानुवर्षांच्या बचतीची हानी असते.

याहून गंभीर धोका रोजगाराच्या आमिषाचा आहे. आगमनस्थळी व्हिसा पर्यटनासाठी असतो; त्यावर नोकरी करता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर सूचना दिली, की थायलंडमधील डिजिटल विपणनाच्या नोकऱ्यांचे आमिष दाखवून तरुणांना बेकायदेशीरपणे सीमेपार, प्रामुख्याने म्यानमारमध्ये नेले जात आहे. लाओसमधील भारतीय दूतावासानेही आगमनस्थळी व्हिसावर तेथे काम करता येत नाही, असे बजावले आहे. अशा ठिकाणी अडकलेल्या तरुणांकडून सायबर फसवणुकीची कामे सक्तीने करून घेतली गेली. 'व्हिसा तिथेच मिळतो' हे आश्वासन अशा वेळी सवलत न राहता सापळा ठरते.

दक्षता :
१) पारपत्राची मुदत प्रथम तपासावी. अकोला जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या कार्यक्षेत्रात येतो.
२) व्हिसाचा नियम त्या देशाच्या दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावर, तिकीट काढण्यापूर्वी पाहावा.
३) नोकरीसाठी जाणाऱ्याने १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये नोंदणीकृत भरती प्रतिनिधीमार्फतच जावे आणि कामाचा व्हिसा हाती आल्याखेरीज निघू नये.
४) पारपत्राची छायाप्रत व तेथील भारतीय दूतावासाचा दूरध्वनी क्रमांक घरी ठेवून जावे.

समारोप :
आगमनस्थळी व्हिसाने सामान्य माणसाचा परदेशप्रवास सुलभ केला, हे निर्विवाद आहे. परंतु वकिलातीत पूर्वी जी छाननी घरी असतानाच होत असे, ती आता परक्या विमानतळावर, परक्या भाषेत व परतीची वाट महाग असताना होते. सवलतीबरोबर जबाबदारीही प्रवाशाकडे आली आहे. ही जाणीव तालुका पातळीवरील महाविद्यालये व ग्रंथालये यांनी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविल्यास अनेक कुटुंबांचे नुकसान टळू शकेल.