चिनी टपाल तिकिटांवरील पुराणकथा आणि युआन श्वांग

प्रस्तावना :
सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मरणार्थ चीनने १९८२ मध्ये टपाल तिकिटे काढली. त्याआधी १९७९ मध्ये ‘शी यू ची’ म्हणजे ‘पश्चिमेची यात्रा’ या सोळाव्या शतकातील अद्भुतरम्य कादंबरीवर आठ तिकिटांचा संच निघाला होता. या संचाचाही महाराष्ट्राशी संबंध आहे.

विवेचन :
बौद्ध ग्रंथ आणण्यासाठी भारताकडे निघालेला भिक्षू व त्याचा रक्षक वानर सुन वुकोंग यांची ही कथा होय. भिक्षूच्या व्यक्तिरेखेमागे प्रवासी युआन श्वांग आहे. तो इ. स. ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला होता. येथील लोक उपकार स्मरणारे, पण अपमानाचा सूड घेणारे आहेत, असे त्याने नोंदविले.

तिकिटांवर मात्र वानराचे वर्चस्व दिसते. धबधब्याआडची गुहा, नेझाशी युद्ध, अमरत्व देणाऱ्या पीचफळांची बाग आणि लाओत्सेची भट्टी हे चार विषय कादंबरीच्या शंभरपैकी पहिल्या सात प्रकरणांतील, म्हणजे यात्रेपूर्वीचे आहेत. पुढील तीन तिकिटे मायावी शत्रूंशी झालेल्या संघर्षाची असून प्रत्यक्ष वाटचालीला शेवटचे एकच तिकीट मिळाले. २०१५ ते २०२३ या काळात निघालेल्या पाच संचांत यात्रेतील प्रसंगांना अधिक वाव मिळाला.

निष्कर्ष :
तिकिटावर एकच क्षण मावतो; म्हणून चिंतनापेक्षा पराक्रमाची निवड होते. तिकीट हा साहित्यकृतीचा सारांश नसून तिचे एक वाचन असते. अध्यापनात तिकिटांचा उपयोग करताना काय चितारले याबरोबरच काय वगळले, हेही विद्यार्थ्यांसमोर मांडणे आवश्यक ठरते.