क्रोटनच्या पानांतील रंग व त्याची जोपासना

बागेतील क्रोटन हा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने क्रोटन नव्हे. लिनेअसने १७५३ मध्ये त्याचा अंतर्भाव क्रोटन प्रजातीत केला. १८२४ मध्ये जुस्यू याने तो कोडिईयम या प्रजातीत घातला. बागवानांनी मात्र जुनेच नाव कायम ठेवले. आपल्या परिचयाचा खरा क्रोटन म्हणजे जमालगोटा. दोन्ही वनस्पती एरंड कुलातील आहेत, एवढेच त्यांचे नाते.

मलाया द्वीपसमूहातून आलेले हे झुडूप अंगणात तांबडे, पिवळे, नारिंगी दिसते. तेच कुंडीत लावून दिवाणखान्यात ठेवले की काही महिन्यांत त्याची नवी पालवी हिरवी येऊ लागते. अशा वेळी झाड अशक्त झाले असे समजून त्यास खत घालण्यात येते. प्रस्तुत लेखकानेही ही चूक केलेली आहे. नत्रयुक्त खताने पाने मोठी झाली आणि अधिकच हिरवी झाली.

याचे कारण रंगद्रव्यांच्या परस्परसंबंधांत आहे. पानातील पिवळा रंग कॅरोटिनॉइडांचा, तांबडा अँथोसायनिनांचा. अँथोसायनिन तयार होण्यास भरपूर प्रकाश लागतो. प्रकाश मंद असला म्हणजे त्याची निर्मिती मंदावते आणि हरितद्रव्याच्या दाट छटेखाली पिवळा रंगही झाकला जातो. तेव्हा हिरवेपणा हा रोग नसून अल्प प्रकाशाशी झाडाने केलेली तडजोड होय. पुष्कळ प्रकारांत कोवळे पान मुळातच हिरवट-पिवळे असते व जून होताना तांबूस होते, हेही निदान करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

म्हणून घरातील कुंडी खिडकीलगत, दिवसातून काही तास ऊन येईल अशा जागी असावी. सावलीतील झाड एकदम उन्हात नेऊ नये. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सरकवावे. जागा अकस्मात बदलली किंवा थंडी फार पडली तर क्रोटन पाने गाळतो. शेंडा जिवंत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. बंद खोलीच्या कोरड्या हवेत लाल कोळी लागतो. पानांची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसणे हा त्यावर साधा उपाय आहे. हे नियम सरसकट लावता मात्र येत नाहीत. कॅलेडियमची पाने कडक उन्हात करपतात, आणि हिवाळ्यात ती सुकली तरी कंद जिवंत असतो. कुंडी फेकून देण्याची घाई करू नये.

क्रोटनची अभिवृद्धी पावसाळ्यात फाटे लावून अथवा गुटी बांधून होते. चीक त्वचेला झोंबतो, म्हणून छाटणीनंतर हात धुवावेत.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आणखी एक भेद जाणून घेणे अगत्याचे आहे. पिवळ्या काठाच्या सॅन्सेव्हिएरियाचा (२०१७ पासून याची गणना ड्रसीना प्रजातीत होते) पट्टा प्रकाशावर अवलंबून नसतो; जननिक दृष्ट्या भिन्न अशा ऊतींच्या थरांमुळे तो उत्पन्न होतो. त्याच्या पानाचा तुकडा रुजविल्यास नवा कोंब आतील हिरव्या ऊतीतून फुटतो आणि पिवळा काठ नाहीसा होतो. अशा झाडाला खिडकीत ठेवूनही काठ परत येणार नाही. तो टिकवावयाचा तर मूलस्तंभाचेच विभाजन केले पाहिजे.