मुंबईतील व्यावसायिक हॉकी संघ

मुंबई शहराच्या नावाने मुंबई मरीन्स, मुंबई मॅजिशियन्स आणि दबंग मुंबई हे तीन व्यावसायिक हॉकी संघ राष्ट्रीय लीगमध्ये खेळले. २०१७ नंतर शहराचा असा संघ नाही. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगच्या आठ पुरुष संघांतही मुंबईला स्थान मिळाले नाही. त्यामुळे शहराला आणखी एक संधी मिळावी का, हा प्रश्न उपस्थित होतो.

इतिहास

२०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीमध्ये मुंबई मरीन्स उतरला. अंतिम सामना चर्चगेटजवळील महिंद्रा हॉकी स्टेडियममध्ये झाला, परंतु ही लीग एकाच हंगामात बंद पडली. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीगमध्ये आलेला मुंबई मॅजिशियन्स पाच संघांत शेवटचा ठरला. त्याच जानेवारीत नियंत्रण रेषेवरील तणावामुळे शिवसेनेने आंदोलन केले आणि लीगमधील नऊ पाकिस्तानी खेळाडूंना मायदेशी परतावे लागले. मूळचा मुंबईकर युवराज वाल्मिकी त्या हंगामात दिल्लीकडून खेळला, कारण संघ लिलावातून बनत होते.

२०१५ मध्ये आलेल्या दबंग मुंबईने २०१७ मध्ये अंतिम फेरी गाठली. कलिंगा लान्सर्सने त्याला ४–१ असे हरवले. पुढे लीगच स्थगित झाली. म्हणजे संघ सर्वाधिक यशस्वी असतानाच संपला.

पुन्हा संधीचा प्रश्न

मुंबईकरांना लीग खेळ आवडत नाहीत, असे म्हणता येत नाही. लालबाग, परळ, शिवडी या गिरणगावात क्रीडा मंडळांनी कबड्डी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. २०१४ मध्ये यू मुंबा आला तेव्हा त्याला हा वारसा आयता मिळाला, आणि २०१५ मध्ये त्याने प्रो कबड्डीचे विजेतेपद पटकावले. हॉकीचा आधार वेगळा आहे: रेल्वेसारख्या आस्थापनांचे संघ, वांद्र्यासारख्या ख्रिस्ती वस्त्या आणि आगा खान चषकासारख्या जुन्या स्पर्धा. हा वर्ग निष्ठावान, पण विखुरलेला आहे. १९८२ चा विश्वचषक मुंबईत झाला, तरी त्या लोकप्रियतेतून शहरभर हॉकी मंडळांचे जाळे उभे राहिले नाही.

पराभवांपेक्षा लीगच्या अस्थैर्यानेच शहराचे संघ संपवले, हे नव्या संधीच्या बाजूचे सर्वांत भक्कम कारण ठरते. अडचण मैदानाची आहे. २०२४-२५ चे सामने राउरकेला व रांची येथे झाले. त्या पद्धतीत मुंबईचा संघ असता, तरी मुंबईच्या प्रेक्षकांना तो दूरचित्रवाणीवरच पाहावा लागला असता.