पिवळी पडलेली दूधवाली

20 नोव्हेंबर 2008 रोजी ‘युरोपियाना’ हे युरोपातल्या संग्रहालयांचे आणि ग्रंथालयांचे सामाईक संकेतस्थळ सुरू झाले आणि गर्दीच्या भाराने लगेच बंदही पडले. जुने नकाशे, पत्रे, भांडी बघायला कोण येणार, असे म्हणणाऱ्यांना उत्तर तेव्हाच मिळाले होते. तरी बहुतेक संग्रहालये पुढे कितीतरी वर्षे कुंपणावरच बसून राहिली.

अडचण तंत्राची कमी, भीतीची जास्त होती. चांगले छायाचित्र फुकट दिले तर तिकीट कोण काढणार आणि पोस्टकार्ड कोण घेणार? ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये हा वाद चित्रकार फर्मीरच्या ‘दूधवाली’ने मिटवला. चित्र 1660 च्या आसपासचे: पिवळी चोळी, निळे ॲप्रन, भांड्यात पडणारी दुधाची बारीक धार. इंटरनेटवर त्याच्या हजारो नकला फिरत होत्या, बऱ्याचशा पिवळट आणि मळकट. लोकांच्या डोळ्यांत तोच रंग असा बसला की संग्रहालयाच्या दुकानातले खऱ्या रंगाचे पोस्टकार्ड त्यांना खोटे वाटू लागले! चांगली प्रत कुलुपात ठेवली तर वाईट प्रतच अस्सल ठरते, हे तिथल्या मंडळींना कळून चुकले. ऑक्टोबर 2012 मध्ये त्यांनी सव्वा लाख प्रतिमा खुल्या केल्या. मुख्य इमारत तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होती. 2013 मध्ये ती उघडली आणि प्रेक्षक रांगा लावून आले. पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 मध्ये पावणेचार लाख, स्मिथसोनियनने 2020 मध्ये 28 लाख प्रतिमा मोकळ्या केल्या.

मात्र ‘सगळे सगळ्यांना’ हा हट्टही बरा नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगु आदिवासींना आपली जुनी छायाचित्रे परत मिळाली, तेव्हा मृतांची छायाचित्रे कोणी पाहावीत याचे त्यांचे रिवाज आड आले. त्या रिवाजांप्रमाणे पाहण्याची मुभा ठरवणारा संग्रह त्यांनी 2007 मध्ये उभा केला. त्यातूनच ‘मुकुर्तू’ हे सॉफ्टवेअर घडले. आपल्या आदिवासी संग्रहांबाबत असा विचार कुणी केलेला फारसा कानावर येत नाही.

आता घरचे बघू. जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करवून घेतल्या. त्या लंडनला गेल्या, 1885 च्या आगीत बऱ्याच जळाल्या. उरलेल्या आज तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. भिंतीवरून नंतर गेलेले काही तपशीलही त्यांत टिकले आहेत.

आपल्याकडे तंत्र नाही म्हणावे, तर केंद्र सरकारच्या संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही संगणकप्रणाली पुण्याच्या सी-डॅकनेच बनवली. आणि त्याच महाराष्ट्रातल्या कितीतरी लहान संस्थांतल्या पोथ्यांची, मोडी दप्तरांची साधी यादीही बाहेरच्याला दिसत नाही. विश्वस्तांना एवढेच सांगणे आहे: स्कॅनिंगला पैसे नसतील तर ते पुढे बघू. निदान यादी तरी लावा.