काल रात्री पाहिलंस का?

ऑगस्ट २०१४. रीडिंगच्या ऑफिसमधला माझा तिसरा दिवस. सकाळी साडेनऊला चहासाठी पॅण्ट्रीत शिरले, तर पाचसहा जण हातात मग धरून तावातावाने भांडत होते. ‘तिने ते बाहेर काढायलाच नको होतं!’ ‘अगं, पण म्हणून काय सरळ कचऱ्याच्या डब्यात?’ ‘त्याच्या जागी मी असतो ना...’ माझ्या पोटात गोळा. कुणी प्रॉडक्शन सर्व्हरवरून काही उडवलं की काय? की कुणाचं लग्न मोडलं?

विषय होता आइस्क्रीमचा!

आदल्या रात्री ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’मधे एका स्पर्धकाचं आइस्क्रीम दुसरीने फ्रीजरमधून बाहेर काढून ठेवलं, ते वितळलं, आणि त्या पठ्ठ्याने चिडून अख्खा ‘बेक्ड अलास्का’ कचऱ्यात टाकला. झालं! बीबीसीकडे शेकडो तक्रारी गेल्या. ‘न्यूजनाइट’ नावाचा त्यांचा अतिगंभीर बातम्यांचा कार्यक्रम आहे, मंत्र्यांना घाम फोडणारा. तिथे या भल्या माणसाला बोलावून मुलाखत घेतली. आणि इथे पॅण्ट्रीत, एरवी ‘मॉर्निंग’च्या पलीकडे एक शब्द न बोलणारी माणसं लाल होऊन बोलत होती.

पुण्याहून निघताना आम्हाला तीन तासांचं ‘कल्चरल ट्रेनिंग’ दिलं होतं. त्यात सांगितलं होतं, ब्रिटिश माणूस हवामानावर बोलतो. बोलतो ना, पण लिफ्टमधल्या अनोळखी माणसाशी! ज्याला तो ओळखतो त्याच्याशी तो बोलतो टीव्हीबद्दल. पगार विचारायचा नाही, घर कितीला घेतलं विचारायचं नाही, ‘लग्न कधी’ हे तर स्वप्नातही नाही. म्हणजे आपल्याकडचे गप्पांचे सगळे हुकमी एक्के बाद. उरतं काय? ‘काल रात्री पाहिलंस का?’

आणि मी काहीच पाहिलेलं नसायचं. माझ्याकडे टीव्हीच नव्हता. तिकडे टीव्ही बघायला लायसन्स लागतं, तेव्हा वर्षाचे साडेएकशेपंचेचाळीस पौंड. मनातल्या मनात त्याला शंभराने गुणलं आणि लॅपटॉपवर जुने मराठी सिनेमे बघत बसले. पहिले दोन महिने मी पॅण्ट्रीत हसऱ्या चेहऱ्याने उभी राहायची आणि चहा संपला की गुपचूप जागेवर. शनिवार-रविवार तर काही वेळा अठ्ठेचाळीस तास तोंडातून शब्द निघायचा नाही, टेस्कोच्या काउंटरवरचा ‘थँक्यू’ सोडला तर. ऑनसाईटचे फोटो फेसबुकवर सॉलिड दिसतात. हा भाग त्यात नसतो.

शेवटी नोव्हेंबरमधे लायसन्स घेतलं. त्या वर्षातला तो माझा सगळ्यात शहाणा खर्च.

किटलीचं गणित

टीव्ही तर आपणही बघतो. पण ब्रिटनमधे टीव्ही हा घरातला आणखी एक माणूस असावा तसा आहे. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली आणि अजून चालूच आहे. आजीने बघितली, आईने बघितली, आता नात बघते. १९८६ च्या ख्रिसमसला ‘ईस्टएण्डर्स’मधल्या पबवाल्या डेनने बायकोच्या हातात घटस्फोटाचे कागद ठेवले, तो भाग पुनःप्रक्षेपण धरून तीन कोटी लोकांनी पाहिला. म्हणजे जवळजवळ निम्मा देश. ख्रिसमसच्या दिवशी, पोटभर जेवून, दुसऱ्याचा संसार मोडताना!

आणि मालिका संपली की काय करायचं? चहा. सगळ्यांनी, एकाच वेळी. तिथल्या वीज खात्याकडे याला खास नाव आहे, ‘टीव्ही पिकअप’. ४ जुलै १९९० ला वर्ल्ड कप सेमीफायनलमधे पश्चिम जर्मनीने इंग्लंडला पेनल्टीवर हरवलं, तेव्हा विजेची मागणी एकदम २,८०० मेगावॉटने वाढली. आपल्या अख्ख्या कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे, यावरून अंदाज करा. दुःखी माणसं उठली आणि त्यांनी किटल्या लावल्या! अशा वेळी कामाला यावं म्हणून वेल्समधे डोंगराच्या पोटात डिनॉर्विगचं वीजकेंद्र आहे. वरच्या तलावातलं पाणी सोडलं की काही सेकंदांत वीज हजर. आता जो तो आपापल्या सवडीने स्ट्रीमिंगवर बघतो, त्यामुळे या उसळ्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत.

यावर कडी म्हणजे ‘गॉगलबॉक्स’. २०१३ पासून चॅनल फोरवर लागणारा हा कार्यक्रम मला कुणी समजावून सांगितला तेव्हा मी मोठ्याने हसले होते. टीव्ही बघणाऱ्या माणसांना टीव्हीवर बघायचं! सोफा, कुत्रा, चहाचे मग आणि कॉमेण्ट्री. बस्स. डर्बीचं सिद्दीकी कुटुंब, ब्रिक्सटनच्या सॅण्ड्रा आणि सॅण्डी, लिव्हरपूलचे निवृत्त शिक्षक जून आणि लिऑन. दोनतीन शुक्रवार पाहिलं आणि मी अडकले. एकटीने टीव्ही बघताना शेजारी कुणीतरी बसलंय असं वाटायचं. २०१७ च्या डिसेंबरमधे लिऑन गेले, तेव्हा मी परत पुण्यात होते. बातमी वाचून डोळ्यांत पाणी आलं, आणि मी या गृहस्थांना कधी भेटलेही नव्हते.

गंमत म्हणजे ही आयडिया त्यांच्याकडे आधीच येऊन गेली होती. १९९८ मधे ‘द रॉयल फॅमिली’ नावाची सिटकॉम आली. नाव राजघराण्यासारखं, पण स्पेलिंग वेगळं, आणि घर मँचेस्टरचं कामगाराचं. त्यात अख्खं कुटुंब सोफ्यावर बसून टीव्ही बघतं. एवढंच. ती लिहिणाऱ्यांपैकी कॅरोलिन अहर्न हिचाच आवाज पुढे ‘गॉगलबॉक्स’च्या निवेदनाला होता. २०१६ च्या जुलैमधे ती वारली आणि ते काम तिचा जोडीदार लेखक क्रेग कॅश याच्याकडे आलं.

पडला तर चर्चा

दुसरा हुकमी विषय म्हणजे अ‍ॅवॉर्ड शो. पण कोण जिंकलं हे कुणालाच आठवत नसतं. कोण पडलं ते पिढ्यान् पिढ्या आठवतं. २६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी आमच्या मजल्यावर तासभर काम झालं नाही, कारण आदल्या रात्री ब्रिट अ‍ॅवॉर्ड्समधे मॅडोना भल्यामोठ्या केपसकट पायऱ्यांवरून मागे कोसळली होती. (उठली आणि गाणं पूर्ण केलं, हे मात्र सगळ्यांनी मान्य केलं.) मग जुनी पोतडी उघडली. १९८९ ला सॅम फॉक्स आणि मिक फ्लीटवूड यांनी सूत्रसंचालनाचा असा काही बट्ट्याबोळ केला की पुढे २००७ पर्यंत हा सोहळा थेट दाखवायची कुणाची हिंमत झाली नाही. १९९६ ला मायकेल जॅक्सन स्टेजवर देवदूतासारखा गात असताना ‘पल्प’चा जार्विस कॉकर घुसला आणि प्रेक्षकांना पार्श्वभाग दाखवून आला. पोलिसांनी धरलं, तेव्हा बाजू मांडायला धावला कॉमेडियन बॉब मॉर्टिमर, कारण तो पूर्वाश्रमीचा वकील. पॅण्ट्रीतले सगळे एकमुखाने जार्विसच्या बाजूचे!

इथे मला एक गोष्ट कळली, जी ट्रेनिंगमधे कुणी सांगितली नव्हती. या लोकांना स्वतःची टिमकी वाजवणारा माणूस सहन होत नाही. २००९ ला केट विन्स्लेटने एकाच रात्री दोन गोल्डन ग्लोब जिंकले आणि स्टेजवर रडली, तर तिच्याच देशातल्या पेपरांनी तिची टर उडवली. उलट २०२१ ला कोरियन अभिनेत्री युन यो-जंग बाफ्टा घेताना म्हणाली की ब्रिटिश माणसं फार शिष्ट असतात, त्यांनी मला पसंत केलं म्हणून जास्त आनंद झाला. लोक हसून हसून बेजार! मला हे उशिरा कळलं. पहिल्या अप्रेझलमधे मी ‘हे मी केलं, तेही मीच केलं’ अशी यादी वाचली होती आणि समोरचा मॅनेजर खिडकीबाहेर बघू लागला होता.

शून्य गुण

आता खरी गोष्ट. आमचा टेस्ट लीड. वयाने माझ्या काकाएवढा, पण तिकडे अहोजाहो नाही, त्यामुळे ‘तो’च. रीडिंगमधेच जन्मलेला. पॅण्ट्रीत मला ‘हा कोण, ती कुणाची बायको’ हे न कंटाळता समजावणारा एकटा तोच. स्वतःबद्दल मात्र चकार शब्द नाही.

मे २०१५ मधे युरोव्हिजन झालं, व्हिएन्नात. युरोपभरच्या देशांची गाण्यांची स्पर्धा. ब्रिटिश माणूस ती टवाळी करण्यासाठी बघतो आणि एकही वर्ष चुकवत नाही. ब्रिटनला पाच गुण मिळाले. जर्मनीला शून्य. मंगळवारी टेस्ट लीड आला तो शीळ घालतच. मोबाइल पुढे केला. त्यावर जर्मनीहून आलेली एकच शिवी होती.

‘माझा एक्स्चेंज पार्टनर,’ तो म्हणाला. ‘तीस वर्षं झाली.’

तिकडच्या शाळांमधे हा प्रकार असायचा. तेरा-चौदा वर्षांची पोरं दोन आठवडे फ्रान्स किंवा जर्मनीत एखाद्या घरी राहायची आणि मग तिथलं पोर यांच्या घरी. चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही ब्रिटिश माणसाला विचारा, एक तरी किस्सा निघतोच. नाश्त्याला चीज आणि थंडगार मांसाचे काप, घरी फोन करायला नाणी नाहीत, आणि पुस्तकातलं पाठ केलेलं एकही वाक्य उपयोगी पडत नाही. ‘इनबिटविनर्स’मधे सायमनच्या घरी येणारा फ्रेंच पोरगा बघून सगळे एवढे हसतात, कारण तो प्रत्येकाच्या घरी येऊन गेलेला असतो.

पण रीडिंगच्या या प्रकाराला थोडा इतिहास आहे. महायुद्ध संपल्यावर शहराच्या महापौर फिबी कस्डेन ड्युसेलडॉर्फला गेल्या. बेचिराख शहर आणि उपाशी मुलं बघून आल्या आणि १९४७ मधे तिथल्या सहा मुलांना रीडिंगच्या घरांमधे राहायला बोलावलं. शत्रूच्या मुलांना! ज्या वर्षी इंग्रज आपल्याकडून निघाले, त्याच वर्षीची ही गोष्ट. दोन्ही शहरांचं नातं तेव्हापासूनचं आहे.

टेस्ट लीड १९८५ ला ड्युसेलडॉर्फला जाऊन आला आणि जुलैमधे तिथला मुलगा याच्या घरी आला. घरात आजी होत्या. त्यांचा धाकटा भाऊ युद्धात गेलेला. जर्मन पोरगा येणार म्हटल्यावर आजींनी आपलं ताट वरच्या खोलीत मागवलं. दोन दिवस त्या खाली आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी ‘कोरोनेशन स्ट्रीट’ची वेळ झाली, आणि टीव्ही एकच, तोही खाली.

आजी आल्या, आपल्या खुर्चीत बसल्या. पोरगा सोफ्याच्या टोकाला, अंग चोरून. कुणी कुणाकडे बघेना. मधेच त्या मुलाने मोडक्या इंग्रजीत विचारलं, ती बाई का रडते आहे? उत्तर नाही. जाहिराती लागल्या. मग आजी टीव्हीकडेच बघत म्हणाल्या, ‘नवरा चांगला नाही तिचा.’ आणि तिथून सुरू झाल्या ते पंचवीस वर्षांची हकिगत सांगूनच थांबल्या. कोण कुणाचा, कोण कुणाला सोडून गेला, सगळं. १३ जुलैला वेम्ब्लीत ‘लाइव्ह एड’ झालं तेव्हा दोघं एकाच सोफ्यावर होते आणि आजी त्याला विचारत होत्या की या मुलाने अंगात शर्ट का घातला नाही.

भावाबद्दल त्या त्याच्याशी काही बोलल्या का? ‘नाही,’ टेस्ट लीड म्हणाला. ‘पण पुढे दर ख्रिसमसला त्याला कार्ड मात्र स्वतःच्या हाताने लिहायची.’

मग मग विसळला आणि डिफेक्टची लिस्ट काढून बसला.

आता कुठे जातात पोरं?

त्याच्या मुलीच्या शाळेत जर्मन एक्स्चेंज नव्हतं. बंद झालं होतं. त्याला कारण एक नाही. २००४ पासून इंग्लंडमधे चौदा वर्षांनंतर परकी भाषा शिकणं सक्तीचं राहिलं नाही. परक्या घरी मुलं ठेवायची म्हणजे त्या घरच्यांची पोलीस रेकॉर्डची तपासणी, विमा, कागदपत्रं... शिक्षकांनी हात टेकले. २०१८ मधे ब्रिटिश कौन्सिलने पाहणी केली, तर अशी एक्स्चेंज चालवणाऱ्या माध्यमिक शाळा फक्त ३९ टक्के निघाल्या. खासगी शाळांमधे ७७ टक्के, सरकारी शाळांमधे ३०. म्हणजे ज्यांचे आईवडील तसेही फ्रान्सला सुट्टीला नेतात, त्यांचीच मुलं जास्त जातात. माझ्या मते यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच आहे. टेस्ट लीडचे वडील बसड्रायव्हर होते.

२३ जून २०१६ चं मतदान झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, पॅण्ट्रीत कुणी टीव्हीबद्दल बोललं नाही. खरं तर कुणीच काही बोललं नाही. ऑक्टोबर २०२१ पासून युरोपातल्या शाळकरी मुलांनाही ब्रिटनमधे यायला ओळखपत्र पुरेना, पासपोर्ट लागू लागला; डिसेंबर २०२३ अखेर फ्रेंच शाळांच्या गटांपुरती त्यात सूट मिळाली. इरास्मस योजनेतून ब्रिटन बाहेर पडलं, आणि २०२७ पासून परत आत यायचं असं डिसेंबर २०२५ मधे जाहीर झालं.

टेस्ट लीडने मात्र आपलं एक्स्चेंज चालू ठेवलंय. २०११ चं युरोव्हिजन योगायोगाने ड्युसेलडॉर्फलाच होतं, तेव्हा हा तिकिटं काढून गेला होता आणि दोघांनी स्टेडियममधे बसून एकमेकांच्या देशाला शिव्या घातल्या होत्या. २०२१ ला, म्हणजे कोविडने सगळे घरात कोंडलेले असताना, ब्रिटनला शून्य मिळाले. परीक्षकांचे शून्य, प्रेक्षकांचे शून्य. जर्मनीला तीन. मी पुण्यात रविवारी सकाळी उठले तर व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा मेसेज होता.

‘पाहिलंस का? त्याला तीन मिळालेत. आता वर्षभर डोकं खाणार.’