सेल लागू दे, मग बघू!

ब्रिटनमधल्या अनेक मराठी घरांत हे वाक्य ऐकू येतं. नोव्हेंबरमध्ये तुम्हाला नवीन कोट हवा असतो आणि आई म्हणते, "सेल लागू दे, मग बघू." तेव्हा थोडा राग येतो. वर्गातल्या मुलांकडे नवे कोट आहेत, मग आपणच का थांबायचं? आपल्याकडे पैसे कमी आहेत का, अशी शंकाही मनात येते.

या पाठात आपण पाहू, की सेल का लागतात, कधी लागतात आणि त्यात पैसे खरंच कधी वाचतात.

भाव आणि वेळ

महाराष्ट्रात भाजी मंडईत गेलात तर "काका, थोडं कमी करा ना!" असं लोक सहज म्हणतात. याला घासाघीस म्हणतात. ब्रिटनमधल्या मोठ्या दुकानांत घासाघीस चालत नाही. चिठ्ठीवर लिहिलेली किंमत द्यावीच लागते. शिवाय इथे घरभाडं, हीटिंग, ट्रेनचा प्रवास सगळंच महाग. म्हणजे भाव आपल्या हातात नाही. पण कधी विकत घ्यायचं, ते मात्र आपल्या हातात असतं.

ही युक्ती नवीन नाही. महाराष्ट्रात अनेक घरांत उन्हाळ्यात वर्षभराचे गहू भरून ठेवायची पद्धत होती, काही घरांत आजही आहे. नवीन पीक बाजारात आलं की धान्य भरपूर मिळतं आणि भाव उतरतो. तुमच्या आजीला विचारा, ती नक्की सांगेल.

दुकानदार किंमत का कमी करतो?

दुकानातली जागा ठरलेली असते. जानेवारीत वसंत ऋतूचे कपडे यायला लागतात. जुने कोट तसेच राहिले तर नवीन माल ठेवायचा कुठे? म्हणून दुकानदार कोटांची किंमत उतरवतो.

गंमत म्हणजे दुकानातला हिवाळा लवकर संपतो, बाहेरचा नाही. ब्रिटनमध्ये मार्चपर्यंत थंडी असतेच. म्हणून जानेवारीत घेतलेला कोट त्याच वर्षी दोन-तीन महिने वापरता येतो. एक माप मोठा घेतला तर पुढच्या हिवाळ्यातही चालतो.

वर्षाचं वेळापत्रक

• २६ डिसेंबर आणि जानेवारी: बॉक्सिंग डेपासून मोठे सेल सुरू होतात. कोट, स्वेटर, बूट घ्यायला ही चांगली वेळ. नाताळच्या दिव्यांच्या माळाही आता स्वस्त होतात. त्या जपून ठेवल्या की दिवाळीत कंदिलाशेजारी लावता येतात!
• ईस्टरनंतर: चॉकलेटची अंडी.
• जून-जुलै: उन्हाळी कपडे आणि चपला.
• १ नोव्हेंबर: हॅलोवीन संपतो आणि भोपळे स्वस्त होतात. न कोरलेला भोपळा आणून घरी भाजी किंवा घारगे करता येतात.
• नोव्हेंबरच्या अखेरीस: ब्लॅक फ्रायडे. टीव्ही, लॅपटॉप, हेडफोन यांवर सूट असते.

सेलचं गणित

एका कोटाची किंमत ६० पौंड आहे. त्यावर ५० टक्के सूट आहे, आणि शेवटच्या आठवड्यात "आणखी २० टक्के". मग एकूण सूट ७० टक्के झाली का? नाही. ६० चे निम्मे ३० पौंड. आता २० टक्के सूट या ३० पौंडांवर मिळते, म्हणजे ६ पौंड. कोट २४ पौंडांना पडतो. एकूण सूट ६० टक्के झाली.

दुसरं गणित आणखी महत्त्वाचं आहे. ८० पौंडांचा गेम ४० पौंडांना मिळाला. तो तुम्हाला हवाच होता, तर ४० पौंड वाचले. पण नको असताना केवळ स्वस्त म्हणून घेतला, तर ४० पौंड वाचले नाहीत, ४० पौंड गेले!

मराठीत एक म्हण आहे: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. १० पौंडांचा टी-शर्ट आणायला ट्रेनला १२ पौंड खर्च केले, तर ही म्हण आठवा.

सेलला जाण्यापूर्वी

१. घरातली यादी आधी करा. यादीत नाही ते घेऊ नका.
२. हव्या असलेल्या वस्तूची किंमत तारखेसह लिहून ठेवा. मी मोबाइलवर अशी यादी ठेवतो. काट मारलेली जुनी किंमत खरी होती का, हे त्यावरून लगेच कळतं.
३. मोठं पाकीट नेहमी स्वस्त नसतं. शेल्फवरच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात १०० ग्रॅमचा किंवा एका किलोचा भाव असतो, तो वाचा.
४. पावती जपून ठेवा. सेलमधली वस्तू खराब निघाली, तर ३० दिवसांच्या आत ती परत करून पूर्ण पैसे मागण्याचा हक्क ब्रिटनच्या कायद्याने दिला आहे. पण फक्त रंग आवडला नाही, तर प्रत्यक्ष दुकानातून घेतलेली वस्तू परत घ्यायची की नाही, हे दुकान ठरवतं.

थांबायचं कधी, थांबायचं नाही कधी?

बूट लहान होऊन पाय दुखत असतील, किंवा कडाक्याच्या थंडीत घालायला कोटच नसेल, तर सेलची वाट पाहायची नाही. जी वस्तू गरजेची आहे पण आजच लागणार नाही, तिच्यासाठी थांबायचं.

तेव्हा आई-बाबा "मग बघू" म्हणाले, तर घरात पैसे नाहीत असं समजू नका. कोटावर वाचलेल्या ३६ पौंडांतून तुमच्या पोहण्याच्या क्लासची फी भरायला मदत होते, किंवा भारतात आजी-आजोबांना भेटायला जाण्यासाठी ते बाजूला ठेवता येतात. पुढच्या वेळी त्यांनाच विचारा, "वाचलेल्या पैशांचं आपण काय करायचं?" आणि यादी करायला त्यांच्या शेजारी बसा.

शब्दार्थ
घासाघीस – किंमत कमी करण्यासाठी दुकानदाराशी बोलणं
सूट – किमतीत केलेली कपात
माल – विकायला ठेवलेल्या वस्तू
पावती – पैसे दिल्यावर मिळणारा कागद
आणा – जुनं नाणं. १६ आण्यांचा एक रुपया

उत्तरे लिहा
१. जानेवारीत कोट स्वस्त का होतात?
२. ४० पौंडांच्या बुटांवर २५ टक्के सूट आहे. बूट केवढ्याला पडतील?
३. "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला" या म्हणीला शोभेल असा तुमच्या घरातला एक प्रसंग पाच वाक्यांत लिहा.